बांधाकडचा पट्टा

माझं माहेर कडा गावाच्या बाजूचं. तिकडची जमीन हलकी, मुरमाड. रात्री पाऊस पडला तर दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून औत धरता येतं. ती पाणी धरून ठेवत नाही, पण माणसालाही ताटकळत ठेवत नाही. लग्न होऊन धर्मापुरीजवळ आले तेव्हा सगळे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं, काळ्या जमिनीत पडली. पडले हे खरंच. पहिल्याच पावसाळ्यात एक चप्पल चिखलात गेली, आणि ती काढता काढता दुसरीही गेली.

काळ्या मातीचा तोरा वेगळा. ओली असली की पायाला सोडत नाही, वाळली की कुदळ उडवून लावते. या दोन्हींच्या मधे थोडेच दिवस ती माणसाचं ऐकते. त्याला वापसा म्हणायचं आणि तेवढ्यात पेरून घ्यायचं. वापसा ओळखायची सासऱ्यांची रीत साधी होती. वीतभर खालची माती काढायची, मुठीत दाबून गोळा करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडून द्यायचा. गोळा फुटला तर औत घाला. नाही फुटला तर घरी जाऊन चहा प्या.

आमची रब्बीची ज्वारी विकायची नसते. दाणे वर्षभराच्या भाकरीला आणि कडबा म्हशीला. ती पेरायची, घर सासऱ्यांवर सोडायचं आणि आम्ही दोघांनी ऊसतोडीला जायचं, असं कित्येक वर्षं चाललंय. गेल्या वर्षी मात्र परतीचा पाऊस दसऱ्यापर्यंत हटलाच नाही. उघडला, आणि लगेच मुकादमाचा फोन आला की परवा ट्रक येतोय.

नवऱ्यानं वावरात जाऊन माती काढली, गोळा केला आणि सोडला. गोळा पडला तसाच बसून राहिला. नवरा त्याच्याकडे थोडा वेळ बघत होता. मग त्यानं चपलेच्या टाचेनं तो दाबला, तेव्हा कुठं त्याला चीर गेली.

"आला वापसा," तो म्हणाला.

सासरे बांधावर बसले होते. "टाचेनं फुटला त्यो. पडून न्हाई फुटला."

"मग ट्रकवाल्याला काय सांगू, दादा? आमची माती वली हाय, थांब म्हणून?"

नवऱ्यानं बापाला विचारलं आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.

ट्रॅक्टर आला. चाकाखाली माती चेपत गेली, आणि पेरणीच्या फणामागं मातीत पडणारं तास चकाकायला लागलं, साबणाच्या वडीवरून ओलं बोट फिरवल्यासारखं. मला ती चकाकी बघवेना. बांधाकडच्या पट्ट्यात ओल जास्त होती. तिथं चाक रुतायला लागलं तसा ट्रॅक्टरवाल्यानं तो पट्टा न पेरताच सोडला. मला गठुडी बांधायची होती.

काळी जमीन वाळताना आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खालची ओल त्यातून उडून जाते, ज्वारीची मुळं ताणून तुटतात. म्हणून कोळपं फिरवून भेगा बुजवाव्या लागतात. पण ओली असताना चेपलेली माती वाळली की कोळपं नुसतं वरवर खरडतं. आणि आमच्यामागं ते धरणार तरी कोण होतं?

उसाच्या फडातून मी सासऱ्यांना फोन करायची. "मामा, ज्वारी कशी हाय?"

"हाय."

"भेगा पडल्यात का?"

"पडल्यात."

"लई?"

"तू तिकडं ध्यान दे, बाई. कोयता लागंल हाताला."

मी परत जाते म्हणाले. पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचं, एकानं मोळ्या बांधायच्या. मी गेले असते तर मुकादमानं त्यालाही टोळीत ठेवलं नसतं. म्हणून राहिले. चिडून राहिले, पण पाठ टेकली की चिडायचंही त्राण उरत नव्हतं.

कारखाना लवकर बंद झाला आणि होळीच्या आधी आम्ही घरी आलो. गठुडं ओट्यावर टाकलं आणि तशीच वावरात गेले. ज्वारी गुडघ्याएवढी, पानं सुरळ्या झालेली, कणसं धरलीत न धरलीत. एका ढेकळाला लाथ मारली तर माझाच अंगठा दुखला.

बांधाकडे मात्र ज्वारी माझ्या डोक्यावरून गेली होती. त्याच वावरातली, त्याच पोत्यातल्या बियाची. कणसं भरून खाली वाकलेली. सासऱ्यांनी तो पट्टा खुरप्यानं रेघा ओढून एकट्यानं दाणा दाणा टोकून पेरला होता, आणि हिवाळाभर बसल्या बसल्या सरकत त्यातल्या भेगा बुजवल्या होत्या.

"तुमी गेल्यावर फुटला गोळा," एवढंच ते म्हणाले.

नवरा त्या पट्ट्यात शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. उन्हाळाभर आम्ही त्या पट्ट्याच्या भाकरी खाल्ल्या, पावसाळा लागल्यावर दुकानाच्या.

यंदा पुन्हा तसंच झालं. पाऊस लांबला, मुकादमाचा फोन वेळेवर आला. नवऱ्यानं या खेपेला गोळा करून बघितलाच नाही, सरळ ट्रॅक्टर बोलावला. मीही अडवलं नाही. फक्त पेरणी सुरू व्हायच्या आधी ट्रॅक्टरपुढं जाऊन उभी राहिले.

"भाऊ, बांधाकडचा पट्टा सोडा."

"किती सोडू, ताई?"

सगळं वावर सोडा, असं तोंडावर आलं होतं. सासरे बांधावरून उठत होते. एक हात गुडघ्यावर, दुसरा लिंबाच्या खोडावर, तरी एका दमात उभं राहता येईना. खुरपं बगलेत होतंच. मी ते बघितलं.

"गेल्या साली सोडलता," मी म्हणाले, "त्याहून कमी."