हात लागलेला हत्ती

आमचे मामा फरशी बसवतात. लोक त्यांना मुंगळा म्हणतात. धरलं की सोडत नाहीत म्हणून. त्यांनी बसवलेल्या फरशीवर पाणी ओतावं, ते आपलं आपण मोरीची वाट धरतं.

बुद्धिबळाच्या लीगचा शेवटचा सामना होता. बाकीचे डाव आटोपले, मामांचा तेवढा उरला. त्यात बरोबरी झाली तरी आमचा संघ वरच्या गटात टिकणार, हरले तर सगळेच खाली. समोर औषधांच्या दुकानाचे मालक, वर्षभर कोणालाच न हरलेले.

डाव तोलामोलाचा चालला होता. औषधवाले आपली चाल करून पाणी प्यायला उठले, तेवढ्यात मामांना आपला हत्ती घरात जरा तिरका दिसला. तिरकी वस्तू त्यांना सोसत नाही. बोटाने त्यांनी तो सरळ केला. मोहरा नुसता सरळ करायचा तर आधी तसं बोलावं लागतं. नाहीतर हात लागलेला मोहरा चालवायचाच, असा नियम. मामा बोलले नव्हते. हे पाहिलं फक्त आमच्या कप्तानाने, सलूनवाल्याने. त्याने डोळ्यांनीच विनवलं, गप बसा.

हत्ती हलला की त्याच्या आधारावरचा घोडा जाणार, हे मामांना लख्ख दिसत होतं. त्यांनी हत्ती हलवला. औषधवाले परतले, पटाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि घोडा मारला.

तिथून पुढे मामा जे खेळले, ते बघत राहावं असं. ओल्या भिंतीला पाठ लावून माणूस उभा राहावा, तसे ते तासन् तास उभे राहिले. प्यादी दिली, शेवटी हत्तीही दिला, पण समोरच्या राजाचा आडोसा मोडला. मग वजिराने शह. इकडून शह, तिकडून शह. राजा दोन घरांत येरझारा घालू लागला. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली आणि नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटला.

औषधवाल्यांनी हात पुढे केला.

"मघाशी तो हत्ती का हो हलवलात?"

"हात लागला होता."

"मी तर जागेवर नव्हतो."

"मी होतो की."

त्यांनी मामांचा हात बराच वेळ सोडला नाही.

सलूनवाला मात्र बाहेर येईपर्यंत फुगलेला. संघ बुडवायला निघाला होतात, म्हणाला. मामांनी चपला शोधत शांतपणे सांगितलं,

"बुडाला असता, तर खालून खेळत वर आणला असता. असा टिकलाय, तर आता मान वर करून खेळू."