कुसुमचा खलबत्ता

कुसुम गेल्याचं मला मोबाईलवर कळलं. भिंतीला भिंत लागून घरं आमची, तरी मोबाईलवर. हार चढवलेला फोटो तोच होता... गच्चीवर कुरडयांची राखण करत बसलेली, उन्हानं डोळे बारीक केलेली. खालचं वाक्य तेवढं कापलं होतं.

ते वाक्य तिच्या पुतण्याचं, फोटोखाली लिहून घरच्या ग्रुपवर टाकलेलं. 'जुना माल, लवकर खपवायचा आहे.' कोरोना भरात होता आणि म्हाताऱ्यांवर असले विनोद रोज यायचे. तिथं सगळे हसले. कुसुमनं मला गच्चीवर बोलावून मोबाईल दाखवला.

"शांते, यात हसरं तोंड कुठलं गं?"

"कशाला हवंय?"

"नाही पाठवलं तर म्हणतील, म्हातारी रुसली."

मी दाखवलं, तिनं पाठवलं. मग म्हणाली, "आता ठसका लागायचीसुद्धा सोय नाही. लगेच कोरोनाच्या गाडीत घालतील, आणि त्याचाही फोटो काढतील."

खरं तर ती ऐकून घेणारी बाई नव्हती. बुधवारच्या बाजारात भाजीवाला 'आजी' म्हणाला, की "तुझ्या आईपेक्षा लहान आहे मी," म्हणून त्याला गप्प करायची. घरच्यांच्या हसण्यापुढे मात्र तीच गप्प झाली.

त्यानंतर तिचा खलबत्ता सारखा वाजू लागला. मिक्सर तिला आवडत नसे, दाण्याचा कूट ती रोज सकाळी हातानंच करायची. आता दुपारीही वाजे, दिवेलागणीलाही वाजे. मी खिडकीतून विचारलं, "लग्न काढलंय का घरात? एवढा कूट कशाला?" "चटणी करतेय," म्हणाली. आवाज घोगरा होता. बत्ता जोरजोरात आपटायचा, थांबायचा, मग नुसती धाप ऐकू यायची...

नंतर तिची सून मला म्हणाली, "काकू, खलात काहीच नसायचं हो. रिकामाच कुटत होत्या."

खोकल्याची उबळ आली की कुसुम बत्ता हाणायची. घरात कुणाला खोकला ऐकू गेला नाही. ग्रुपवर तिचं हसरं तोंड रोज येत होतं, म्हणून सगळे निवांत. ओठ निळे पडले तेव्हा गाडी बोलावली. गाडीतून गेली ती घरी आलीच नाही, तोंडही कुणाला दाखवलं नाही.

सुतक फिटलं. काही आठवडे गेले, ग्रुपवर विनोद परत सुरू झाले. सुनेला खलबत्ता नजरेसमोर नको होता, तो तिनं मला आणून दिला. मी ओट्याखाली ठेवून दिला होता.

काल देवापुढे उदबत्ती लावताना मला ठसका लागला. नातवानं मोबाईलमधून मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी स्वयंपाकघरात गेले, खलबत्ता ओढून पुढ्यात घेतला आणि कुटायला बसले. दाणे घ्यायचे राहूनच गेले.