तिसरं सर्टिफिकेट

मांजराला चॅम्पियन करायला काय करावं लागतं, हे मला आजवर ज्याने ज्याने विचारलं त्याने आधी हसून घेतलं. आधी हसायचं, मग विचारायचं. म्हणून हल्ली मी कोणाला सांगत नाही. पण ते सगळं अजून माझ्या घशाशी अडकलंय, तेव्हा एकदा सांगून टाकते.

वसईत आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मी, नवरा आणि सासूबाई. मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं त्यालाही खूप वर्षं झाली होती, पण नवऱ्याच्या कोकणातल्या गोतावळ्यापर्यंत ती बातमी काही पोचत नव्हती. साखरपुडा असो, बारसं असो, कोणीतरी बाई माझ्या पोटाकडे बघून "काय गं, यंदा तरी?" असं विचारणारच. एके दिवशी मी उठले आणि पांढरी पर्शियन मांजरी घेऊन आले. वंशावळीचे कागद असलेली, चपट्या नाकाची, कापसाच्या गादीसारखी गुबगुबीत. सासूबाईंनी दारातच कपाळावर हात मारला.

"लोक घरात नातवंडं आणतात, हिने मांजर आणलं!"

"माझी लेक आहे ही, आई."

"लेक म्हणे! दुधावर साय टिकू द्यायची नाही ही जात."

पुढे कळलं की अशा मांजरांचे शो असतात. तीन वेगवेगळ्या जजनी सर्टिफिकेट दिलं की मांजराच्या नावापुढे चॅम्पियन लागतं. मला तो किताब हवा होता. हवा म्हणजे हवाच होता. त्या सगळ्या बायकांना सांगायचं होतं, की माझ्याही घरात कोणीतरी पहिलं आलंय.

आता मेहनत ऐका. या मांजरांच्या केसांना तेलकटपणा जरा चालत नाही. तेल राहिलं की केस चिकटतात, फुललेले बसतात, जज मार्क कापतात. म्हणून शोच्या आधी दोन-दोन, तीन-तीन अंघोळी. आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी, नाहीतर बोअरचं. बोअरच्या पाण्याने केस झाडूसारखे होतात, म्हणून शेवटचं पाणी मी विकतच्या जारमधलं घ्यायचे. झालं! अख्ख्या बिल्डिंगला विषय मिळाला. "आम्हाला प्यायला पाणी नाही आणि हिची मांजर जारच्या पाण्याने न्हाते." ड्रायरने केस सुकवायला घ्यावेत तर लाइट जायची. मग नवरा पुठ्ठ्याने वारा घालत बसायचा. नवरा कसला, नंदीबैल. मी म्हणेन त्याला मान हलवायची, आणि सासूबाई म्हणतील त्यालाही.

त्या मात्र हळूहळू बदलत होत्या. तोंडाने कबूल करतील तर शपथ. पाचूबंदरची कोळीण मासे घेऊन दारात आली की घासाघीस करून मूठभर मांदेली वरून मागायच्या. कोळीण मांजरीला रानी म्हणायची. हसायची, "रानीसाठी ना? घ्या." मग दुपारभर बसून एकेक काटा काढून तिला भरवायच्या. मी खोलीत आले की ताटली पदराआड. मला बघायला मजा वाटायची, आणि रागही यायचा. लपवायचं काय त्यात?

पहिलं सर्टिफिकेट मिळालं. दुसरंही मिळालं. तिसऱ्या शोच्या दिवशी आम्ही पहाटे उठलो. मी साडी नेसत होते, नवरा गाडी काढायला खाली गेला होता, मांजरी सासूबाईंच्या मांडीवर होती. तिला पिंजऱ्यात ठेवलं, घोडबंदरच्या अलीकडच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो, कसेबसे वेळेत हॉलवर पोचलो.

शोमध्ये मांजर कोणाचं हे जजला कळू द्यायचं नसतं. मालकाने लांब उभं राहून तोंड शिवून घ्यायचं. जज परदेशी बाई होत्या. त्यांनी मांजरीला टेबलावर घेतलं, उचलून लांब केलं, जबडा बघितला, शेपटी बघितली, मानेवरच्या केसांत बोटं फिरवली आणि खुशीत मान डोलावली. मनात म्हटलं, मिळालं! मग त्यांनी कान दुमडला. थांबल्या. पांढरा टिश्यू घेऊन कानामागे चोळला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. काळा झाला होता.

केसांना रंग लावलाय, म्हणून बाद. मी नियम मोडून पुढे धावले. "रंग नाही हो, काजळ आहे!" त्यांच्या मदतनिसाने ते इंग्रजीत सांगितलं. बाईंचा चेहरा मऊ झाला, पण निकाल नाही बदलला. काजळ म्हणजे काळा रंगच की! मागून कोणीतरी खिदळलं, "अरे, बिल्ली को नज़र का टीका लगाया है!" आणि लोक फोन काढून तिच्या कानाचे फोटो घ्यायला लागले. परतताना गाडीत नवऱ्यालाही हसू फुटलं. तेव्हा त्याला पुलावरून खाली ढकलावंसं वाटलं मला, खरंच सांगते.

घरी सासूबाई दार उघडून वाटच बघत होत्या. "काय, आली ना पहिली?"

"तुम्ही लावलंत काजळ?"

"मग? एवढ्या परक्यांच्या नजरा पडणार तिच्यावर. लेकराला तीट न लावता कोणी बाहेर पाठवतं का? घरी धरलेलं काजळ आहे, एरंडेलाचं. कानामागे लावलं, दिसू नये म्हणून."

लेकराला. इतकी वर्षं जो शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मी जीव टाकत होते, तो आला. आणि मी काय बोलले?

"लेकरू नाहीये ते! मांजर आहे, मांजर! अक्कल आहे का तुम्हाला?"

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी मोरीत काजळाची डबी घासून पालथी घातलेली दिसली.

लोक म्हणतील, मग पाय धरून माफी मागायचीस. का मागायची? तोंडाशी आलेला घास कोणी घालवला? आणि एवढी माया होती तर इतकी वर्षं पदराखाली का लपवलीत, बाई? चारचौघांसमोर एकदा म्हणाला असतात, तर मला त्या किताबाच्या मागे धावायची गरजच नव्हती. हे मी त्यांना कधी बोलले नाही. भिंतींना बोलले.

पुढच्या शोच्या सकाळी त्या देवासमोर माळ ओढत बसल्या होत्या. दाराकडे बघितलंही नाही. मांजरी जाऊन मांडीवर बसली तर तिला अलगद उचलून खाली ठेवली. त्या दिवशी तिसरं सर्टिफिकेट मिळालं. चॅम्पियन! मी हॉलमध्ये ढसाढसा रडले, लोकांना वाटलं आनंदाने.

मांदेली अजून येतात. फक्त आता काटे काढलेली ताटली त्या माझ्या हातात देतात आणि निघून जातात.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. किताबाची बातमी बिल्डिंगभर आणि नवऱ्याच्या गोतावळ्यातही झालीच होती. ज्या बायकांना ती कळावी म्हणून मी मरमर मेले, त्या सगळ्या आल्या होत्या. त्यांतली एक तिळगूळ घेता घेता सासूबाईंना म्हणाली, "काय मावशी, तुमची नात चॅम्पियन झाली म्हणे!"

मी वाण लुटता लुटता थांबले.

"नात कुठली?" सासूबाई म्हणाल्या. "सुनेचं मांजर आहे ते."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यांना बोल लावायला मला तोंड कुठे होतं? ते मांजर आहे, हे त्यांना मीच ओरडून सांगितलं होतं.