आठवा थर

मिशिगनच्या उत्तर टोकावरील त्या लहान इस्पितळात संगणकांचे जाळे डार्ला हापाला सांभाळीत असे. निरोप सात थरांतून खाली उतरतो, प्रत्येक थर त्यावर आपले पाकीट चढवतो आणि दुसऱ्याच्या पाकिटात डोकावत नाही, हे तत्त्व तिच्या हाडीमाशी खिळले होते. वापरणाऱ्या माणसाला मात्र या धंद्यात कुत्सितपणे ‘आठवा थर’ म्हणत. जबाबदारी झटकण्याचे याहून सुबक शास्त्र नसावे.

त्या दुपारी लाकूडगिरणीतल्या रेमंडला अर्धांगाचा झटका आला म्हणून आणले. मेंदूची चित्रे शहरातल्या तज्ज्ञाने पाहिल्याखेरीज गुठळी विरघळवणारे औषध देता येत नव्हते आणि औषधाची वेळ टळत चालली होती. चित्रे जाईनात.

ती काढणाऱ्या ऑर्लीनने फोन केला. डार्लाने चाचणीचा निरोप सोडला. तो क्षणात परतला. खालचे थर निर्दोष, असा निवाडा तिने दिला.

“दोष आठव्या थरात दिसतोय, ऑर्लीन. बटण तरी नीट दाबलंस का?”

“बटण दाबता येतं गं मला. माझी चिठ्ठी जाते, चित्र जात नाही. रेमंडची बायको समोर उभी आहे. तिला तुझे थर तूच येऊन सांग.”

डार्लाशेजारी बसलेले तिचे वरिष्ठ कर्टिस हसले. डार्लाही हसणार होती. पण चिठ्ठी-चित्राचे ते वाक्य तिने मनात पुन्हा घोळवले. लहान जाते, मोठे अडते. चाचणीचा निरोपही लहानच होता.

सकाळी शहराकडे निरोप नेणाऱ्या वाटेवर तिनेच गुप्ततेचे जादा पाकीट चढवले होते. भरगच्च पाकिटे त्यामुळे वाटेच्या मापाबाहेर गेली. ‘माल मोठा आहे’ असे कळवणारा उलटा निरोप तिनेच पूर्वी सुरक्षेच्या नावाखाली बंद केलेला. म्हणून चित्रे वाटेतच मुकाट्याने टाकली जात होती आणि एकही थर कुरकुरत नव्हता.

तिने पाकिटांचे माप उतरवले. चित्रे सरकू लागली. तज्ज्ञाने ती पाहिली, औषध चढले. रेमंड वाचला, पुढे चालूही लागला. उजवा हात मात्र लुळाच राहिला.

अहवालासाठी कर्टिस यांनी विचारले, “कुठल्या थरात होतं?”

“आठव्या.”

“म्हणजे ऑर्लीन.”

“नाही. मी.”

कर्टिस यांनी ‘तांत्रिक बिघाड’ असे लिहिले. अहवालात रकाने सातच होते.