कुंपणाजवळचा नारळ

सुलेखा मुळातच घाबरट. हे ती स्वतःच कबूल करायची, आणि कबूल करतानाही आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, हे बघून घ्यायची. जर्मनीत इंगोलश्टाटला येऊन एकोणीस वर्षं झाली तरी पत्रपेटीत पिवळं सरकारी पाकीट दिसलं की ती ते दोन दिवस तसंच ठेवून द्यायची. ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या वेगवान महामार्गावर, ती शंभराच्या वर कधी गेली नाही. रविवारी काचपेटीत रिकाम्या बाटल्या टाकून आवाज करायचा नसतो, म्हणून ही बाई शनिवारी दुपारपासूनच बाटल्यांना हात लावायची नाही. नवरा श्रीरंग सॉफ्टवेअरमधला, शांत माणूस. तो म्हणायचा, तुला या देशाचे जेवढे नियम पाठ आहेत, तेवढे इथे जन्मलेल्यांनाही नसतील.

अशी ही बाई गेली अकरा वर्षं दर पंधरवड्याला एका लष्करी विमानतळाच्या कुंपणाशी जाऊन उभी राहायची, आणि तिथे मात्र तिला कशाचीच भीती वाटायची नाही.

शहराबाहेर मक्याच्या शेतांपलीकडे ती धावपट्टी आहे. तिथली नेहमीची विमानं रोजचीच. पण मधूनच पाहुणी येतात. कधी इटलीचं लढाऊ विमान, कधी इंग्लंडहून आलेलं ऐंशी वर्षांचं एखादं म्हातारं. ती बघायला पाच-सहा छंदिष्ट माणसं कुंपणाबाहेरच्या शेतरस्त्यावर जमतात. फोटो कुठून काढायचे नाहीत याच्या पाट्या आहेत, आणि सुलेखा तर फोटो काढतच नाही. ती फक्त विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक वहीत लिहिते. या मंडळींचा म्होरक्या क्राइटमायर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा निवृत्त सुतार. चाळीस वर्षं तो तिथे येतोय. कुंपणावरून नीट दिसावं म्हणून तो घरून अॅल्युमिनियमची शिडी आणतो. सुलेखाला तो शिडीवर चढवायचा आणि ती दुसऱ्या पायरीवरच थांबायची.

हा नाद तिला वडिलांकडून लागला. अण्णा हवाई दलात फिटर होते, आग्र्याला डकोटा विमानांवर. जाडजूड पोटाचं, दोन पंख्यांचं, शेपूट जमिनीला टेकवून बसणारं ते मालवाहू विमान. त्यांच्या हँगरमध्ये खंडेनवमीला पाने-हातोड्यांची पूजा व्हायची, विमानाला हळदकुंकू लागायचं आणि चाकापुढे नारळ फुटायचा. नारळ फुटल्याशिवाय त्या दिवशी अण्णा चाक हलू द्यायचे नाहीत. मग खोबऱ्याचा एक तुकडा खिशात घालून लेकीसाठी घरी आणायचे. त्याला कायम ऑइलचा वास यायचा. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि व्हिसाच्या घोळामुळे सुलेखा अंत्यविधीला पोचू शकली नव्हती. तेव्हापासून तिने आइनब्युर्गरुंगचा, म्हणजे जर्मन नागरिकत्वाचा, ध्यास घेतला. पासपोर्ट एकदा हातात आला की आपण कुणालाच घाबरणार नाही, असं तिला मनापासून वाटत होतं. अर्ज झाला, परीक्षा झाली, अडीच वर्षं वाट बघून झाली. अखेर पत्र आलं: येत्या मंगळवारी दहा वाजता येऊन प्रमाणपत्र घ्यावं. खाली एक ओळ होती: अर्जानंतर काही चौकशी वा गुन्हा नोंदला गेला असल्यास त्याआधी कळवावं. ती ओळ तिने किती वेळा वाचली असेल कोण जाणे. तेव्हा लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात, ऐन खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी, इंग्लंडहून एक डकोटा आलं. कसल्याशा वर्धापनदिनासाठी आलेलं, रात्रीपुरतं मुक्कामाला. दुसऱ्या दिवशी दोन वाजता परत जाणार होतं.

सुलेखाने रात्रभर विचार केला आणि सकाळी साडेसातला नारळ घेऊन कुंपणाशी हजर झाली. डकोटा लांब धुक्यात उभं होतं. कुंपणाला हात लावायचा नाही, हे तिला माहीत होतं. नारळ फोडला तर आवाज होईल, पहारेकरी धावतील, म्हणून फोडायचा नाही. उघडा ठेवला तर कोल्हे ओढून नेतील, म्हणून लाल खणात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. विमानतळाजवळ ज्योत पेटवणं तर साफ गैर, म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीतली बॅटरीवर लुकलुकणारी पणती तिने डब्यात ठेवली. झाकण ढिलं होतं. ती गाड्यांच्या वायरींच्या जुड्या तपासणाऱ्या कंपनीत कामाला. पर्समध्ये काळी चिकटपट्टी असायचीच. तिने डबा चहूबाजूंनी चिकटपट्टीने पक्का बंद केला आणि कुंपणाच्या खांबाशी गवतात ठेवून हात जोडले. संध्याकाळी येऊन उचलायचा, असा बेत होता. एवढी काळजी घेऊन काम केलं म्हणून तिला जरा बरंच वाटलं. शिडीवरून क्राइटमायर सगळं बघत होता. हे काय, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, वडिलांसाठी. त्याने टोपी काढली.

तो शरद ऋतू कसा होता, हे इथे सांगायला हवं. विमानतळांवर रोज कुठे ना कुठे ड्रोन दिसत होते, बातम्यांत हेरगिरीशिवाय विषय नव्हता. नेमकं हेच, एरवी सगळ्याची धास्ती घेणाऱ्या आपल्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

पावणेअकराला ऑफिसात फोन थरथरला. कुंपणवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर कुणीतरी लिहिलं होतं: उत्तरेचा रस्ता बंद, कुंपणाशी संशयास्पद वस्तू, बॉम्बपथक येतंय, डकोटाचं उड्डाण थांबवलं. खाली दुरून काढलेला धूसर फोटो होता. गवतात एक डबा, काळी पट्टी गुंडाळलेला.

सुलेखा कशीबशी स्वच्छतागृहात गेली आणि कडी लावून भिंतीला टेकून उभी राहिली. तिला कळत होतं की डब्यात नारळ आहे. पण बॉम्बपथकाच्या क्ष-किरण यंत्राला काय दिसेल? गोल, जड, आत पाणी. शेजारी बॅटरी आणि दोन तारा. लुकलुकणारा दिवा. ते सगळं तिने स्वतःच्या हाताने, नियमांना भिऊन, एकेक करून रचलं होतं. तिने श्रीरंगला फोन लावला आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं.

श्रीरंगने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आल्झो, हे बघ, आधी श्वास घे. ते डबा उघडतील, नारळ निघेल, विषय संपेल. कोणी ठेवला ते कोण शोधत बसणार? सुलू, मंगळवारपर्यंत फक्त गप्प राहा. सहा दिवस."

गप्प राहण्यात तर तिचा हातखंडा होता. ती जागेवर जाऊन बसली, कॉम्प्युटरकडे बघत राहिली आणि दारातून कोणीही आत आलं की दचकत राहिली. शाळेतून लेकीचा, ईप्सिताचा मेसेज आला, जर्मनमध्येच: आई, विमानतळावर बॉम्ब सापडलाय म्हणे, तू आज तिकडे गेली नाहीस ना? सुलेखाने 'नाही' लिहिलं. लेकीशी ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि ते दोन अक्षरी खोटं पाठवल्यावर तिला जास्तच भीती वाटली.

सव्वाबाराला क्राइटमायरचा फोन आला. तो इतका हळू बोलत होता की तिला फोन कानाशी दाबून धरावा लागला. दोनच्या उड्डाणासाठी त्याने तिथेच ठेवलेली शिडी डब्यापासून दहा पावलांवर सापडली होती आणि पोलिसांनी त्याला बोलावून घेतलं होतं. दीड तास तेच ते विचारत होते. आता पाणी प्यायला म्हणून बाहेर सोडलं होतं.

"मी सांगितलंय, मी कोणाला पाहिलं नाही," तो म्हणाला. "तुमचा मंगळवार मला माहीत आहे, फ्राउ सुलेखा. तुम्ही घरीच थांबा. मी म्हातारा माणूस, मला काय करणार आहेत?"

त्याला काय करणार, हे सुलेखाला चांगलं ठाऊक होतं. पोलिसांशी खोटं बोलल्याचं निघालं तर चौकशी त्याच्यावर. आणि चौकशी नाही झाली तरी कुंपणाशी येण्याची बंदी, ती नक्की. बायको गेल्यापासून त्या माणसाला दुसरं काही नव्हतं. फोन ठेवल्यावर तिला हुंदका आला, पण तो क्राइटमायरबद्दलच्या दयेपोटी नव्हता. आता गप्पही राहता येणार नाही, या भीतीने आला होता.

तिने साहेबांना सांगितलं की बरं नाही, आणि ते खरंच होतं. गाडी काढली. सत्तरचा वेग असलेल्या रस्त्यावर ती चाळीसने चालली होती आणि मागचे हॉर्न देत होते. दोनदा तिने कडेला गाडी घेतली. एकदा वळवलीसुद्धा, आणि पेट्रोलपंपापर्यंत मागे आली. तिथे आरशात स्वतःचं तोंड दिसलं. कपाळाला सकाळचं कुंकू तसंच होतं, पूजा करताना लावलेलं. ते पुसावं म्हणून तिने रुमाल काढला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तो परत पर्समध्ये ठेवून गाडी पुन्हा विमानतळाकडे वळवली.

रस्ता अडवलेल्या जागी एक तरुण पोलीस उभा होता. काच खाली केल्यावर तिची बोबडीच वळली. एकोणीस वर्षांचं जर्मन कुठल्या कुठे गेलं. शेवटी ती एवढंच बोलली, "तो डबा माझा आहे."

पुढचं सगळं भराभर झालं. त्याने तिला हात स्टिअरिंगवर ठेवायला सांगितलं. आणखी दोघं आले. पर्स तपासली, त्यात काळी चिकटपट्टी निघाली, आणि त्यांनी एकमेकांकडे बघितलं. वही निघाली. अकरा वर्षांचे विमानांचे क्रमांक, तारखा, वेळा, सगळं बारीक मराठी अक्षरात. ती वही त्यांनी पारदर्शक पिशवीत घातली तेव्हा सुलेखाला वाटलं, आता संपलंच. आपल्याला विमानात बसवून परत पाठवतील आणि ईप्सिताची बारावी राहून जाईल. एका पोलिसाने तिच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं.

विमानतळाच्या फाटकाजवळच्या चौकीच्या खोलीत एक वयस्क अधिकारी समोर बसला. भिंतीच्या कडेला बाकावर क्राइटमायर होता. तिला बघून त्याने मान खाली घातली. सुलेखाने सगळं सांगितलं: अण्णा, आग्रा, खंडेनवमी, कोल्हे, पणती. क्राइटमायर खोटं बोलला ते माझ्यासाठी, हेही सांगितलं. अधिकारी लिहीत होता, मधूनच हात थांबवून तिच्याकडे बघत होता. दिवा का, असं त्याने विचारलं. खरी ज्योत इथे चालत नाही म्हणून, ती म्हणाली. त्याने डोळे मिटून कपाळ चोळलं.

मग त्याने सांगितलं ते स्वच्छ होतं. गुन्ह्याचा हेतू दिसत नाही, पण नोंद करावीच लागेल. नोंद झाली की ती नागरिकत्वाच्या आम्टकडे, म्हणजे त्या कार्यालयाकडे, जाणार. मंगळवार आता होणार नाही. पुढे कधी, हे तो सांगू शकत नव्हता. कदाचित काही महिने, कदाचित नव्याने सगळं. क्राइटमायरला मात्र तो आज समज देऊन सोडणार होता.

त्याने कागद पुढे सरकवला. नाव, पत्ता, जन्मतारीख. मग नागरिकत्वाचा रकाना. तिने 'भारतीय' लिहिलं. अक्षर वाकडं आलं. भीती काही गेली नव्हती. उलट आता पिवळी पाकिटं खरोखरच येणार होती.

सही झाल्यावर अधिकाऱ्याने नियमानुसार विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का.

"माझा नारळ कुठे आहे?" सुलेखाने विचारलं.

त्याने पथकाने काढलेला फोटो तिच्यापुढे ठेवला. यंत्राने दुरून पाण्याचा जोरदार फवारा मारून डबा फोडला होता. पत्रा उलगडलेला, लाल खण चिखलात, करवंटीचे तुकडे गवतभर. तिने करवंटीच्या एका तुकड्यावर बोट ठेवलं. मग तिने जे विचारलं, ते त्याच्या फॉर्ममध्ये कुठेच बसणारं नव्हतं.

"खराब नव्हता ना निघाला? आतून?"

अधिकाऱ्याने फोटो स्वतःकडे वळवला, चष्मा वर सरकवला आणि नीट पाहिलं.

"पांढरा होता," तो म्हणाला. "अगदी पांढरा."

तेवढ्यात खिडकीबाहेर लांबवर एक पंखा घरघरला, अडखळला आणि त्याने वेग धरला. मग दुसरा. क्राइटमायर उठून खिडकीशी गेला. सुलेखाही ब्लँकेट सावरत त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि त्या दोघांना कोणी अडवलं नाही. डकोटाचं चाक हललं होतं.