रानात मामा नसतो

रंगरुटांना उपाशीपोटी रानात सोडताना उस्ताद दरवेळी तेच ओरडायचे, "इथं भरवायला तुमचा कोणी मामा बसलेला नाही! शोधा आणि खा, नाहीतर मरा!" आणि मग स्वतःच झाडाआडून त्यांच्या मागे मागे फिरायचे. बायको म्हणायची, "एवढा जीव टांगणीला लागतो, तर ओरडता कशाला?"

यंदा घोर होता तो काडीपैलवानाचा. फुंकर मारली तर उडेल असा पोरगा. दुपारी त्याने कसलासा कंद भाजून खाल्ला आणि तिथंच आडवा झाला तो हलेचना. उस्ताद झाडाआडून टक लावून बघत राहिले. कंद विषारी तर नव्हता? उस्ताद जवळ गेले की पोराची परीक्षा बाद, असा नियम. नियम गेला चुलीत म्हणून ते धावले.

पोरगा चक्क घोरत होता!

उस्तादांचा जीव भांड्यात पडला. तोंडातल्या तोंडात शिवी हासडून ते पाय न वाजवता मागे वळले. तेवढ्यात घोरणं थांबलं. डोळे न उघडताच पोरगा म्हणाला, "मामा, तुमचा वाटा त्या पानाखाली झाकून ठेवलाय. गार व्हायच्या आत खाऊन घ्या."