टाळी वाजवून बघणारे आजोबा

बाबा गेले, तेव्हा त्यांच्या गाण्याचं एक रेकॉर्डिंग तेवढं मागे राहिलं. इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या आमच्या हॉलमध्ये ते लावलं की बाबा बोगद्यात बसून गातायत असं वाटायचं. स्पीकर बदलून दुसरे, जुने पण चांगले आणले, तरी तेच. शेवटी ज्यांच्याकडून ते जुने स्पीकर घेतले होते, ते जर्मन आजोबा खोली बघायला आले.

त्यांनी बूट दाराशी नीट जोडून ठेवले, हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि डोळे मिटून एक टाळी वाजवली. ती भिंतीभिंतींवर आपटत राहिली. आजोबांचं तोंड आंबट झालं.

चार लोक येतात म्हणून आमचा हॉल लखलखीत, रिकामा. सगळा पसारा बेडरूममध्ये. मी तिचं दार लावणार तेवढ्यात आजोबा आत शिरलेसुद्धा. पुस्तकांचे ढीग, गाद्या, आईने शिवलेल्या गोधड्या. त्यांनी पुन्हा टाळी वाजवली; ती जागीच विरली आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"आल्झो... म्हणजे, इथे तुम्ही राहता," ते म्हणाले. "मग तिकडे कोण राहतं?"

मी ओशाळले. दोघांनी मिळून सगळा पसारा हॉलमध्ये आणला आणि रेकॉर्डिंग लावलं.

गाण्याआधी बाबांनी घसा खाकरला, आणि मी सवयीने पाणी आणायला उठले.